काचेच्या आतला अंगठा

सगळ्यात आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. कप्तानकाकांच्या जहाजात सुपरग्लूचा एक थेंब आहे आणि तो मी टाकलाय. मामा ज्या जहाजाबद्दल येईल त्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगतो, "एक थेंबही नाही, हवं तर जाऊन हुंगून बघा," त्याच जहाजात. आणि थेंब न टाकायची पैज कुणी लावली होती? मीच.

आता रीतसर.

मी, खाली सही आणि अंगठा करणारा, मामाचा सख्खा भाचा, गल्लीत चिकट्या म्हणून ओळखला जाणारा, वय वीस, शिक्षण जेवढं झेपलं तेवढं, धंदा लाकडाची छोटी जहाजं बनवणे, असं लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं करतोय. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे. खात्रीसाठी नमूद करतो की खिडकी उघडी आहे, पंखा वारा बाहेर फेकतोय आणि टेबलावर एकही बाटली उघडी नाही. आमच्या कारखान्यात इतकी शुद्ध पूर्वी कुणालाच नसायची.

नमुना काचवाल्याकडून आणला. आमच्या जहाजांच्या काचेच्या पेट्या तोच करतो. त्याचं मृत्युपत्र वकिलानं लिहिलंय, त्यातली वजनदार वाक्यं मी उचलली. तो एक गोष्ट बोलला ती मला फार आवडली. साक्षीदारानं आतला मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही करताना समोर उभं राहायचं असतं. म्हणून हा प्रकार निवडला. साधी चिठ्ठी लिहिली असती तर सगळ्यांनी वाचली असती.

मरायचं कारण : तब्येत ठणठणीत आहे. पण आज सकाळी ते जहाज घेऊन गेलेल्या कप्तानकाकांचा फोन आला. "जहाजात काहीतरी सुटलंय. पेटी हलवली की खुळखुळतं. उद्या घेऊन येतो." मामानं फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या जहाजात काही सुटत नाही. उद्या पेटी उघडतो. ज्याच्या हातचं निघेल त्याला मी जिवंत सोडत नाही."

काय सुटलंय ते मला ठाऊक आहे. तेव्हा वेळेत सगळं वाटून टाकलेलं बरं.

कलम पहिलं. स्थावर मिळकत. नाही. मोठ्या टेबलाखाली माझी गादी आहे ती जागा माझी समजली जाते, पण टेबल मामाचं. ती जागा लाकडाच्या पट्ट्या ठेवायला द्यावी. गादीखाली दुमडून ठेवलेल्या पायमोज्यात एक सुपरग्लूची ट्यूब होती, ती आता तिथे नाही. कुठे गेली ते कलम सातमध्ये येईल.

कलम दुसरं. चिमटे. कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड, आणि केसांच्या त्या काळ्या क्लिपा ज्या मामी गेलं वर्षभर शोधतेय, हे सगळं मामीला परत. मामी, तुझ्या क्लिपा चोरीला गेल्या नव्हत्या. त्या जहाजाच्या पोटावर होत्या. पिवळा लाकडी गोंद लगेच धरत नाही, पट्टी वाकवून दाबून ठेवावी लागते. सुपरग्लू असताना मामा पट्टीला बोट लावून दहापर्यंत मोजायचा की झालं. आता पट्टीला क्लिप लावायची, दुसऱ्या कामाला लागायचं आणि मध्ये मध्ये ओरडायचं नाही. पहिल्या आठवड्यात मामा त्या पट्टीकडे असा बघत बसायचा जसा दूध उतू जाईल म्हणून बघतात. क्लिपांवर थोडा गोंद राहिलाय. कोमट पाण्यात टाकून ठेव, मऊ पडेल. पडला नाही तर मला शिव्या घालायला मी नसेन.

कलम तिसरं. पंखा. खिडकीतला पंखा मामाला, पण अट घालून. तो कुणीही, कधीही उलटा फिरवायचा नाही. पहिल्यांदा आम्ही तो आत वारा टाकणारा बसवला होता. मामा खुशीत म्हणाला, "वा, गार वाटतंय!" आणि टेबलावर कालवलेल्या गोंदाची सगळी वाफ उचलून पंख्यानं त्याच्या नाकात भरली. मग मी उलटा बसवला. काम पंख्याजवळ ठेवायचं, तोंड लांब. वाफ कामावरून उठली की सरळ बाहेर गेली पाहिजे, वाटेत माणसाच्या तोंडावर थांबता कामा नये.

ही खिडकी मामीची होती. तिचं शिलाई मशीन तिथे असायचं, उजेडासाठी. पैजेपुरती म्हणून तिनं ती दिली आणि मशीन स्वतःच ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. आता दोरा ओवायला तिला भरदिवसा बल्ब लावावा लागतो. ती बोलत नाही. मी बघतो.

कलम चौथं, यात देण्यासारखं काही नाही, पण हे न लिहिता बाकीचं कळणार नाही.

मी जन्मायच्या आधीपासून मामा सुपरग्लूवर जहाजं बनवतोय. पट्टीला थेंब, डोलकाठीला थेंब, दोराच्या गाठीला थेंब. नाक जहाजाला टेकवून काम, कारण तोफा तांदळाएवढ्या. आधी त्याचे डोळे लाल व्हायचे, मग नाक गळायचं, मग खोकला सुरू झाला. शेवटी त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. जिना चढताना तो वळणावर बसायचा आणि पायरीचा तडा बोटानं तपासायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं दुरुस्तीचा विचार चाललाय. त्या तड्याची दुरुस्ती काही झाली नाही.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, "हे वाफेचं दुखणं आहे. वाफ बंद केलीत तर छाती अजूनही सुधारू शकेल. नाही केलीत तर पुढे औषधही ऐकणार नाही."

मामा म्हणाला, "मग जरा जोरातलं औषध द्या."

घरी येऊन त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि पुन्हा बाटली उघडली. फडक्यानं भुसा अडतो, वाफ अडत नाही. मी शाळेच्या कुंपणातून जायचो तशी ती फडक्यातून जाते. सदर फडकं मी काचा पुसायला ठेवून जातोय.

आईवडील मला नाहीत. मामा-मामी आहेत, ते पुरतात. पण पुरायला ते दोघंही असायला हवेत. एवढंच या कलमात लिहायचं होतं.

कलम पाचवं. डाव्या अंगठ्यावरचा आडवा डाग. हा कुणाला देता येत नाही, पण त्याची हकीकत देतो. मामाचे सुती हातमोजे असायचे. त्यांची बोटं आतून चिकटवून टाकावीत, मग सकाळी मामा हात घालायला बघेल आणि काय मजा येईल, असा माझा बेत. मोज्यात सुपरग्लू ओतला आणि पसरवायला अंगठा आत घातला. सुती कापडावर तो गोंद पडला की तापतो हे मला कोण सांगणार? मोज्यातून धूर निघाला. मी असा किंचाळलो की काचवाला समोरच्या दुकानातून धावत आला. मामानं हात नळाखाली धरला, बराच वेळ धरला, आणि पाण्याच्या आवाजात मला म्हणाला, "मजा आली?" हातमोजे आता नाहीत. डाग आहे. त्याचं काम पुढे आहे.

कलम सहावं. पैज. हिची वाटणी होत नाही, पण सगळं हिच्यावरच उभं आहे.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर मी मामाला म्हणालो, "सुपरग्लू सोड."

"सोडतो. पट्टी धरून तू बसणार का? मी काय खिळा आहे?"

"खिळेच मारू की. लाकडाचे. टूथपिक तासून."

"तांदळाएवढ्या तोफेला खिळा? शहाणा आहेस."

"पूर्वीचे लोक काय थुंकीनं चिकटवायचे?"

"त्यांना वेळ होता रे."

मामी मशीनवरून म्हणाली, "वेळेचं मी बघते. कप्तानसाहेबांना मी सांगीन उशीर होईल म्हणून. तू पैज लावतोस की घाबरतोस ते बोल."

मामाला घाबरतोस म्हटलं की तो छपरावरून उडी मारेल. पैज ठरली. कप्तानकाकांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज सुपरग्लूशिवाय पुरं झालं, तर सगळ्या बाटल्या कचऱ्यात. एक थेंब जरी वापरला, तर पुन्हा या घरात कुणी वाफेबद्दल तोंड उघडायचं नाही. पंच मामी.

आणि आम्ही केलं. लिहिताना सांगायला काय हरकत आहे, झक्कास केलं. पोटाच्या पट्ट्या पिवळ्या गोंदानं, वर टूथपिकचे खिळे. दोराच्या गाठी पांढऱ्या गोंदात पाणी घालून ब्रशनं भिजवल्या. वाळल्यावर चमक येत नाही आणि चुकलं तर ओला बोळा फिरवून सोडवता येतात. सुपरग्लूची गाठ चुकली की दोर कापायचा आणि गोंदाला सोडून सगळ्यांना शिव्या द्यायच्या. पितळेच्या कड्यांना दोन नळ्यांचा, एकत्र कालवून लावायचा गोंद. तो साधासुधा नाही हे नीट ऐकून ठेवा. हाताला लागला तर कातडी खाजते, पुन्हा पुन्हा लागला तर कायमची. रबरी मोजे घालून, खिडकीशी, थोडाच कालवायचा. कमी वासाचा सुपरग्लूही मिळतो, डोळ्यांना कमी झोंबतो, पण तो त्याच घरातला. मी त्याला दारात उभा केला नाही.

याच कलमात एक जुनं भांडण मिटवून टाकतो. बाटल्या विकणारा दुकानदार दर वेळी म्हणायचा, "झोंबतोय म्हणजे माल अस्सल." त्याला मी काही ठेवलेलं नाही. त्याच्या काउंटरला त्याचा पेन चिकटलाय तो कुणी चिकटवला हे त्याला विचारत बसू दे. मिटलं.

कलम सातवं. खलाशी.

जहाज पुरं झालं. कप्तानकाका संध्याकाळी येणार होते, मामा छाती तपासायला गेला होता. कारखान्यात मी एकटा आणि ते जहाज. इतकं देखणं, इतकं सज्जन की मला बघवेना. पितळेच्या तारेचा एक खलाशी मी गुपचूप करून ठेवला होता. नखाएवढा. मागच्या कठड्यावर वाकलेला, चड्डी घोट्यापर्यंत. त्याला मागे असा बसवणार की काका वर्षभर जहाज बघतील आणि एक दिवस खाली वाकतील तेव्हा त्यांना दर्शन होईल.

पिवळा गोंद पितळेला धरेना. दोन नळ्यांचा लावला असता तर वाळेपर्यंत टेकू द्यावा लागला असता, आणि मामा आल्या आल्या म्हणाला असता, हा टेकू कशाचा? मामाचा खोकला जिन्यावर ऐकू आला. पायमोज्यातली ट्यूब काढली. एक थेंब. खलाशी उभा. वर काचेची पेटी ठेवली आणि मी झाडू हातात घेतला.

आता ऐका. सुपरग्लू वाळत असताना त्याची वाफ बंद जागेत कोंडली तर काय होतं? ती काचेवर बसते. आणि काचेला जिथे हाताचा घाम लागलेला असेल तिथे पांढरी होऊन बसते. पेटी उचलताना मी आतून हात लावला होता. संध्याकाळी मामानं जहाजावरचं कापड ओढलं, तर काचेच्या आत, बरोबर मधोमध, माझा डावा अंगठा. पांढराशुभ्र. रेषेन् रेष. सरकारी कागदावर इतका चांगला उठला नसता.

मामा म्हणाला, "हे काय?"

त्याचं नाक केव्हाच गेलंय, त्याला वास आला नाही. मामीला आला. ती दारात थांबली, हवा हुंगली, काचेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला.

"अगं बाई, माझेच हात!" मामी म्हणाली. "पिठाचे असतील. सकाळी पेटी पुसायला घेतली होती." आणि मामानं जवळ जाऊन बघायच्या आत तिनं ते फडकं घेऊन काच आतून घासून काढली.

काका आले, जहाजाभोवती फिरले आणि त्यांनी टोपी काढली. ते गेल्यावर मामानं सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि बादलीत टाकल्या. मामी माझ्याजवळून जाताना हात पुढे करून म्हणाली, "ट्यूब." मी दिली. तेवढंच बोलणं झालं.

त्यानंतर मामा सुधारला. सावकाश, पण सुधारला. जिन्याच्या वळणावर आता बसत नाही. परवा शिट्टी ऐकू आली म्हणून मी दचकून बाहेर धावलो, तर तो गाणं वाजवत वर येत होता, तेही बेसूर.

आणि उद्या पेटी उघडणार. खुळखुळतोय तो माझा खलाशी, दुसरं काही नाही. पितळ गुळगुळीत, थेंब ठिसूळ, धक्का बसला की सुटणारच. त्याच्या पायाला पांढरी खरवड असेल, आणि ती खरवड मामा झोपेतही ओळखेल. पैज म्हणजे पैज. उद्या संध्याकाळी बाटल्या टेबलावर परत येतील, आणि त्याला अडवायचं तोंड आम्हा कुणाला राहणार नाही. मला मामा मारेल त्याचं काही नाही. मार खायची मला सवय आहे. त्याला श्वास घ्यायची आत्ता कुठे सवय लागलीय.

कलम आठवं. खलाशासाठी केलेली पितळी चड्डी काडेपेटीत आहे. काकांना राग आला तर त्यांना द्यावी. राग आला नाही तर माझ्याबरोबर पुरावी.

कलम नववं. मृत्युपत्राची अंमलबजावणी मामीनं करावी. तिच्या डोळ्यात धूळ फेकता येत नाही, मी बरेचदा बघितलंय.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, चुका राहिल्यात त्या शाळेच्या.

सही : चिकट्या. शेजारी डावा अंगठा, शाईचा.
साक्षीदार पहिला : काचवाला. (कागद दुमडून पुढे केला, "कुणाला काय ठेवलंस?" म्हणाला, "तुला झाडू," म्हणालो, त्यानं सही केली.)
साक्षीदार दुसरी : मामी. (वाचू लागली होती, मी हात ठेवला. "बरं," म्हणाली.)
ठिकाण : कारखान्याची मागची खोली, खिडकीशी.
तारीख : काका यायचा आदला दिवस.

पुरवणी. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिली. लिहिणारा जिवंत आहे.

काका आले. पेटी टेबलावर ठेवली आणि मामाच्या हातावर खलाशी ठेवला. मी दाराच्या दिशेनं सरकत होतो.

"हा गडी कठड्यावरून पडला," काका म्हणाले. "मी ज्या ज्या जहाजावर काम केलं, त्या प्रत्येकावर असा एक तरी होताच. याला पुन्हा जागेवर उभा करा. आणि चड्डी वर करू नका."

कलम आठ रद्द.

मामानं खलाशी उलटा केला. पायाची पांढरी खरवड नखानं काढली, बोटांत चुरली. मामा काकांना म्हणाला, "पिवळा गोंद आहे. पितळेला धरत नाही. पोरानं घाई केली."

मग खिडकीशी बसून त्यानं खलाशाच्या पायाला भोक पाडलं, तारेची खुंटी घातली, डेकला दुसरं भोक, रबरी मोजे चढवले, दोन नळ्यांचा गोंद काडीच्या टोकावर. टेकू म्हणून मामीची क्लिप. काका बाहेर मामीशी बोलत चहा घेत बसले. मामा मान वर न करता हळूच म्हणाला, "अंगठा दाखव."

दाखवला. त्यानं डागावरून बोट फिरवलं.

"काचेवर हा आडवा डाग साफ उमटला होता. तुझ्या मामीचा अंगठा मी लग्नापासून बघतोय. तिला डाग कुठून आला?"

"म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं?"

"बघितल्या बघितल्या."

"मग बाटल्या का फेकल्यास? पैज तू जिंकला होतास!"

"गाढवा, त्या दिवशी डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, आवाज कमी झालाय. सगळं जहाज सुपरग्लूशिवाय झालं होतं. तुझ्या या उघड्या माणसासाठी मी परत शिट्टी छातीत घेऊ? पण मी आपणहून कसं म्हणणार की चुकलो? हरलो म्हणणं बरं पडतं." त्यानं क्लिप नीट केली. "मामीला मात्र कळू देऊ नकोस मला ठाऊक आहे ते. एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाच फसवलंय, त्या खुशीत खिडकी सोडलीय. परत मागितली तर पंखा काय तुझ्या डोक्यावर लावू?"

काका गेले. मी भांडी ठेवायला आत गेलो, तर मामी मशीनवर वाकून, बल्बखाली दोरा ओवत, ओठ न हलवता म्हणाली, "कळलं का रे त्याला?"

"नाही मामी."

"कळू देऊ नकोस. कळलं तर बाटल्या परत येतील बघ."

पुरवणीला साक्षीदार नाहीत. कुणाला करू? दोघंही यात आहेत, आणि काचवाल्याच्या दुकानात काहीच झाकून राहत नाही.

तेव्हा हे ज्याच्या हाती लागलंय त्याला सांगतो. मी मेलोय असं समजून तुम्ही वाचलं असेल, तर मी मेलो नाही, टेबलाखाली झोपलोय. कागद होता तसा दुमडा आणि गादीखाली सरकवा. मामाला मामीचं सांगू नका. मामीला मामाचं सांगू नका. हसू आलं तर तोंड दाबून जिना उतरा. हात जोडतो, पाया पडतो, अंगठ्याचा दुसरा ठसा हवा तर तोही देतो, पण कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका हो.